पाप आणि शिक्सा

मराठी समीक्षेने आजवर काय काय म्हणून तपासलं नाही? कादंबरी तपासली, नवकाव्य तपासलं, ग्रामीण, दलित, बाल असे साहित्याचे सगळे प्रवाह पार उगमापर्यंत चालत जाऊन तपासले. पण 'तीस दिवसांत अमुक भाषा' या नावाचं जे विपुल वाङ्मय स्टेशनावरच्या स्टॉलवर पंचांग आणि लोणच्यांच्या पुस्तकाच्या मधोमध ठेवलेलं असतं, त्याच्याकडे एकाही समीक्षकाने ढुंकून पाहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. वास्तविक इतक्या उमेदीने विकत घेतलं जाणारं आणि इतक्या लवकर अर्धवट टाकलं जाणारं दुसरं वाङ्मय आपल्याकडे नाही. (एक आहे, पण त्या कादंबरीला पुरस्कार मिळालेला असल्यामुळे नाव घेत नाही.)

ही उणीव भरून काढायचा अधिकार मला आहे. कारण त्या जातीचं एक पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आहे. नुसतं वाचलं नाही, त्याच्या भरवशावर परमुलखात तीन महिने काढले आहेत. आपण परीक्षण केलेल्या पुस्तकाविषयी किती समीक्षकांना असं छातीवर हात ठेवून सांगता येईल?

पुस्तक कोरियन भाषेचं. प्रवाशांना कामापुरती वाक्यं. आता जालन्याच्या माणसाचा आणि कोरियनचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. जालना म्हटलं की लोकांना बियाणं आठवतं, लोखंडी सळया आठवतात, मोसंबी आठवते, फार तर 'जालना सोने का पालना' ही म्हण आठवते. पण अलीकडे आमच्या शेजारी शेंद्र्याला कोरियन कारखाना आला, आणि उलट दिशेने इकडची मुलं-मुली संशोधनासाठी कोरियात जाऊ लागली. त्यांतली एक आमची. ती आणि जावईबापू देजॉन नावाच्या शहरात असतात, दोघंही दिवसभर प्रयोगशाळेत. चार वर्षांच्या नातवाला आजी-आजोबांचा सहवास मिळावा म्हणून (हे मुलीचे शब्द, सांभाळायला कुणी नव्हतं हा त्याचा अर्थ) आम्ही दोघं तीन महिने गेलो. निघण्यापूर्वी मुलीने पुस्तक पाठवलं. इंग्रजीतून कोरियन शिकवणारं. मी स्वतः पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेलं असल्यामुळे मला ते अवघड जाणार नाही, असा तिचा समज होता. माझाही होता.

तर समीक्षा. या पुस्तकाला एक नायक आहे. पहिल्या पानावर तो विमानतळावर उतरतो आणि दिसेल त्याला 'आन्यॉंग हासेयो' म्हणतो. नवव्या पानावर त्याची बॅग हरवते. सतराव्या पानावर त्याच्या खोलीत गरम पाणी येत नाही. एकतिसाव्या पानावर दाढ दुखते, चौतिसाव्यावर पोट. (मधली दोन पानं खाद्यपदार्थांची आहेत, हे सूचक आहे.) पन्नासाव्या पानावर पाकीट मारलं जातं, बावन्नाव्यावर पोलीस येतात, आणि एवढं सगळं झाल्यावर शेवटच्या पानावर 'मला तुमचा देश फार आवडला' असं म्हणून हा स्थितप्रज्ञ माणूस परत विमानात बसतो. राजा हरिश्चंद्राच्या वाट्याला इतकं आलं नसेल. त्याला निदान तारामती तरी होती. आमच्या नायकाला बायको नाही, मुलं नाहीत, शेजारी नाही.

आणि त्याच्याशी कुणी बोलत नाही! तो विचारतो, 'हे केवढ्याला?' पुढच्याच ओळीत म्हणतो, 'फार महाग आहे.' मधे दुकानदाराने काहीतरी सांगितलं असणार ना? ते पुस्तकात नाही. 'संडास कुठे आहे?' असं विचारल्यावर 'धन्यवाद'. कुठे आहे ते त्याला कळलं, आपल्याला नाही. हा शुद्ध एकपात्री प्रयोग आहे. रंगभूमीवर ते चालतं, कारण समोरचे प्रेक्षक गप्प बसायचे पैसे देऊन आलेले असतात. देजॉनच्या भाजीवाल्या तशा नाहीत.

दुसरा दोष लिपीचा. कोरियनांची लिपी त्यांच्या सेजोंग नावाच्या राजाने १४४३ साली करवली आणि १४४६ साली जाहीर केली. जीभ कुठे लागते ते पाहून अक्षरांचे आकार ठरवलेले आहेत. क, च, ट, त, प अशी तोंडातल्या जागेवरून वर्णमाला लावणाऱ्या आपल्या पूर्वजांनी राजाची पाठ थोपटली असती. मंदबुद्धीच्या माणसालाही ही लिपी दहा दिवसांत येईल, असा भरवसा तेव्हाच्या पंडितांनी देऊन ठेवला आहे. मला तीन आठवडे लागले. पण पुस्तकाने ती लिपी कोपऱ्यात बारीक छापून उच्चार रोमनमध्ये दिले होते, आणि रोमनमध्ये कोरियन चंद्राचं स्पेलिंग हुबेहूब आपल्या डाळीसारखं होतं. खरा उच्चार आहे 'ताल'. त जरा जोरात दाबून 'त्ताल' म्हटलं की चंद्राची मुलगी होते, म्हणजे 'मुलगी' हा अर्थ होतो. 'थाल' म्हटलं की मुखवटा. त, त्त आणि थ यांतला फरक मराठी कानाला निदान सांगून तरी कळतो. रोमनमधून वाचणाऱ्याची मात्र सदैव डाळच शिजते.

म्हणून मी एक वही केली आणि सगळं पुस्तक देवनागरीत उतरवून काढलं. तिथून मौज सुरू झाली. कोरियनमध्ये 'होय'ला म्हणतात 'ने'. 'नाही'ला 'आनियो'. आता मराठी माणसाने काय करावं? हॉटेलातली मुलगी रिकामी ताटली उचलू का म्हणून विचारते. मी म्हणतो, 'ने'. ती नेते. दोघांचंही समाधान, भाषा वेगळ्या. पण आणखी आणू का म्हणून विचारल्यावर 'आनियो' म्हटलं तर आणत नाही! पाण्याला म्हणतात 'मुल'. 'मुल जुसेयो' म्हणजे 'पाणी द्या'. हिने हे वाक्य ऐकलं आणि चारचौघांत या वयात काय मागता म्हणून मला घरी येईपर्यंत बोलू दिलं नाही.

ही स्वतः एकही कोरियन शब्द शिकली नाही. खाली भाजीवालीशी सरळ मराठीत बोलायची. 'अगं बाई, हा मुळा आहे का झाडाचं खोड?' असं म्हटल्यावर ती बाई दुसरा कोवळा मुळा काढून द्यायची. मी पुस्तक उघडून 'हे केवढ्याला'चं पान शोधेपर्यंत हिचा हिशेब होऊन सुट्टे परत आलेले असायचे. तौलनिक अभ्यासात ही गोष्ट नोंदवणं भाग आहे, म्हणून नोंदवतो. पुन्हा उल्लेख करणार नाही.

आमच्या इमारतीखाली बाक होता. नातू बालवाडीतून सुटेपर्यंत मी तिथे वही घेऊन बसत असे. शेजारी एक ऐंशीच्या घरातल्या आजी येऊन बसत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहून अदबीने विचारलं, 'शिक्सा हाश्यॉस्सॉयो?' मी दचकलो. परक्या देशात, सकाळी दहा वाजता, अनोळखी बाई विचारते आहे, शिक्षा झाली का? पस्तीस वर्षांच्या नोकरीत दिलेल्या सगळ्या छड्या डोळ्यांपुढून गेल्या. मी खालच्या मानेने म्हटलं, 'ने.'

संध्याकाळी मुलीने खुलासा केला. शिक्सा म्हणजे जेवण. 'जेवण झालं का आपलं?' असं त्या विचारत होत्या. बरोबरीच्या माणसाला जरा घरगुती शब्द वापरतात, तो 'पाप'. पाप म्हणजे भात, अर्थातच जेवण. थोडक्यात, सलगीच्या माणसाला पाप खाल्लं का विचारायचं आणि वडीलधाऱ्याला शिक्षा झाली का विचारायचं! भोकरदनच्या नाक्यावर किंवा अंबडच्या बाजारात ओळखीचा माणूस भेटला तर दुसरं काय विचारतो? जेवण झालं का? झालेलं नसलं तरी आपण झालं म्हणतो. तेही तसंच म्हणतात. पुस्तकात हे वाक्य नव्हतं. होतं ते 'तुम्ही कसे आहात?', जे तीन महिन्यांत मला कुणीही विचारलं नाही.

इथे मला माझ्या वडिलांची आठवण येते. जालना १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. वडील शिकले त्या शाळेत माध्यम उर्दू, कॉलेजात जावं तर १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठातही उर्दूच. म्हणजे घरापासून शाळेपर्यंत चालत गेलं की परदेश. त्यांना कुणी 'तीस दिवसांत उर्दू' दिलं नाही. त्यांनी पहिली उर्दू शिकली ती मास्तरांच्या शिव्यांची, दुसरी गोट्यांतल्या भांडणांची. भाव विचारायला ते सगळ्यात शेवटी शिकले, कारण खिशात पैसाच नसे. त्यांना त्या भाषेचा राग नव्हता, तिच्या परीक्षेचा होता. पण शेवटपर्यंत किराण्याची बेरीज करताना त्यांचे ओठ उर्दूत हलायचे. आज आमच्या रोलिंग मिलमध्ये बिहार आणि उत्तर प्रदेशातून मुलं येतात, त्यांच्यासाठीही कुणी पुस्तक काढलेलं नाही. त्यांतल्या एकाचं पहिलं मराठी वाक्य मी स्वतः टपरीवर ऐकलं आहे. ते 'हे केवढ्याला' नव्हतं. 'खात्यावर लिहा' हे होतं.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. पुस्तकात एक वाक्य होतं, 'मॉगॉ बोसेयो'. इंग्रजी अर्थ दिला होता, 'कृपया चव घेण्याचा प्रयत्न करा'. त्याखाली सहायक क्रियापदाच्या विशेष योजनेविषयी अर्धं पान टीप. ती मी चार वेळा वाचली आणि चारही वेळा मला झोप लागली. दुसऱ्या दिवशी बाकावरच्या आजींनी पिशवीतून टोमॅटोसारखं दिसणारं एक नारिंगी फळ काढलं, सोललं, फोड माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, 'मॉगॉ बोसेयो.' मी वही उघडली. मॉगॉ म्हणजे खाऊन. बोसेयो म्हणजे बघा. खाऊन बघा!

मी बाकावरून उठून उभा राहिलो. अहो, खाऊन बघा! आमच्या गल्लीतली कुठलीही बाई वाटी पुढे करून दुसरं काय म्हणते? खाण्यात बघण्यासारखं काय आहे हे इंग्रजाला अर्धं पान खर्चून समजावून घ्यावं लागतं, आपल्याला ते आईच्या मांडीवर कळलेलं असतं. मग मी पुस्तकातल्या टिपा सोडून नुसती वाक्यं चाळू लागलो. 'स्सॉ जुसेयो' म्हणजे लिहून द्या. जु म्हणजे देणंच. 'मॉगॉ बॉर्यॉस्सॉयो' म्हणजे खाऊन टाकलं, आणि त्यातलं दुसरं क्रियापद खरोखरच टाकून देण्याचं आहे. करून ठेवण्यातलं ठेवणंसुद्धा त्यांच्याकडे आहे. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. विभक्तीचे प्रत्यय आपल्यासारखेच शब्दाच्या शेपटीला. घर म्हणजे 'चिप', घरी म्हणजे 'चिबे'. 'पीगा वायो' म्हणजे पाऊस येतो. इंग्रजीत 'ते पावसतं', आणि ते 'ते' कोण, हे मी पस्तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याला पटवू शकलो नाही. कहर म्हणजे 'पीगा ओन्देयो'. म्हणजे, पाऊस येतोय म्हणे! ऐकीव बातमीची जबाबदारी झटकण्यासाठी आपण जो 'म्हणे' लावतो, त्याची सोय त्यांनी क्रियापदातच करून ठेवली आहे.

यावरून कोरियन आपल्या नात्यातली, असं मात्र कुणी समजू नये. १९०५ साली हल्बर्ट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने कोरियन आणि द्राविडी भाषांच्या व्याकरणांची तुलना करणारं अख्खं पुस्तक लिहिलं होतं. आजचे भाषाशास्त्रज्ञ ते नातं मानत नाहीत. मलाही सोयरीक जुळवायची नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्यांचं वाक्य आणि आपलं वाक्य समोरासमोर उभं असताना मला आधी मराठीतून इंग्रजीत पाडलं आणि तिथून उचलून कोरियनमध्ये टाकलं. जालन्याहून अंबडला जायचं आणि तिकीट व्हाया मुंबई! आणि या मार्गाचं तिकीट विकण्यात ज्याची हयात गेली तो मीच, हे वाचकांच्या ध्यानात आलंच असेल.

आमच्या जिल्ह्यात असई नावाचं गाव आहे. तिथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. जालनेकराने त्याचं उदाहरण द्यावं हे मला बरं वाटत नाही, पण इलाज नाही. लढाईपूर्वी त्याला केळणा नदी ओलांडायची होती. सगळे वाटाडे एकमुखाने म्हणाले, उतार नाही. याने दुर्बिणीतून पाहिलं, तर नदीच्या अलीकडे एक गाव आणि अगदी समोर पलीकडे दुसरं. दोन गावं अशी समोरासमोर असताना माणसं एकमेकांकडे जात-येत नसतील हे शक्यच नाही, असं ठरवून तो थेट तिकडे गेला आणि उतार सापडला. आमचं पुस्तक त्या वाटाड्यांच्या घराण्यातलं होतं.

तिसरा दोष मानपानाचा. कोरियनमध्ये तू, तुम्ही, आपण हे क्रियापदातच असतं आणि त्याच्या पायऱ्या आपल्याहून जास्त. म्हणून तिथे पहिल्या भेटीत वय विचारतात. उद्धटपणा म्हणून नव्हे, क्रियापद ठरवायला. पुस्तकाने सगळ्यांसाठी एकच बेताची आदरार्थी पायरी दिली होती. ती अपुरी वाटली म्हणून मी नातवाची शिकवणी लावली. हा निर्णय चुकला. चार वर्षांचं मूल बालवाडीतल्या मित्रांशी जे बोलतं ते मला शिकवणार. एके दिवशी मी आजींपुढे हिने केलेली शेंगदाण्याची चिक्की धरली आणि नातवाकडून नीट घोटून घेतलेल्या उच्चारात म्हणालो, 'मॉगॉ!' म्हणजे, खा! ऐंशी वर्षांच्या बाईला! त्या इतक्या हसल्या की चिक्की खाली पडली. मग मला समजावलं, 'तुसेयो' म्हणायचं. म्हणजे 'घ्या'. खा नाही, घ्या. जालन्यात पाहुण्याला 'खा' म्हणणाऱ्या मुलाला मी स्वतः टपली मारली असती.

त्याच दिवशी त्यांनी नातवाकडे बोट दाखवून विचारलं, 'सोन्जा?' मला ऐकू आलं 'सोन्या'. मी म्हटलं, 'ने, सोन्याच आहे आमचा.' नंतर कळलं, सोन्जा म्हणजे नातू.

हा शब्द मला कुठे उपयोगी पडला ते सांगतो. एका संध्याकाळी मुलगी, जावई आणि ही बाजारात गेली होती. घरात मी आणि नातू. तो पोट धरून रडायला लागला, 'पे आफा, पे आफा.' पान चौतीस! मला कळलं. आयुष्यात इतकं चांगलं कोरियन मला कधी कळलं नव्हतं आणि इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. बोलता येणारा मोबाइल मुलीच्या पर्समध्ये गेलेला. वही काखेत मारली, पोराला हाताशी धरलं आणि कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान गाठलं. तिथला काउंटर छातीएवढा उंच. नातू त्याच्या खाली, कुणाला न दिसणारा. मी म्हटलं, 'पे आफायो.' पुस्तकात त्याचा अर्थ 'मला पोटदुखी आहे' असा दिला होता. वास्तविक मूळ वाक्यात 'मला' नाहीच. आपण नुसतं 'पोट दुखतं' म्हणतो तसं ते आहे. तो 'मला' इंग्रजीने घुसडला. पण माझ्या डोक्यात तो घट्ट बसलेला, म्हणून मी घाईघाईने दुरुस्ती केली, 'आनियो.' म्हणजे मी म्हणालो, पोट दुखतं. नाही.

औषधवाल्या बाईंनी काहीतरी विचारलं. पुस्तकाच्या नायकाला कधी कुणी काही विचारलंच नव्हतं, त्यामुळे उत्तर कुठल्या पानावर असणार? त्यांनी पुन्हा विचारलं, 'नुगायो?' मग माझ्याकडे, माझ्या पोटाकडे पाहून मोठ्या गोळ्यांची एक पट्टी पुढे ठेवली. खाली पोरगं माझ्या गुडघ्याला कपाळ लावून मुसमुसत होतं. पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेला मास्तर मुक्यासारखा उभा. भाषा नसली की माणूस किती लहान होतो, हे मी त्या काउंटरपाशी उभं राहून अनुभवलं. तिथे आम्ही दोघंही चार वर्षांचे होतो. पुस्तकात बॅग होती, पासपोर्ट होता, पोलीस होते. नातू नव्हता. शेवटची शब्दसूची मी नंतर बारकाईने पाहिली. आई नाही, मूल नाही, नातू नाही. 'बिल' दोनदा आहे.

आणि एकदम बाकावरच्या आजी आठवल्या. 'सोन्जा!' मी ओरडलोच. 'सोन्जा पे आफायो!' आणि पोराला उचलून काउंटरवर बसवलं.

'आ, सोन्जा!' बाई पुढे धावल्या. गोळ्या मागे गेल्या. त्यांनी चार बोटं दाखवून विचारलं, 'ने साल?' चार वर्षांचा? मी म्हटलं, 'ने.' होय की चार, कसंही घ्या, बरोबरच. त्या स्वतः काउंटरबाहेर आल्या, आम्हाला त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर मुलांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या आणि पुढचं सगळं आपण होऊन सांगितलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, गुदगुल्या केल्या, नातू हसला. दुपारी आजीच्या डब्यातले पाच डिंकाचे लाडू त्याने मॉगॉ बॉर्यॉस्सॉयो, एवढंच झालं होतं.

पुस्तकाच्या शेवटी 'नोंदींसाठी' म्हणून चार कोरी पानं सोडलेली आहेत. समीक्षक या नात्याने सांगतो, लेखकाने संयम पाळलेली तेवढीच जागा. त्या रात्री मी तिथे पहिला शब्द लिहिला: सोन्जा. त्याखाली नुगायो, म्हणजे कोण? त्याखाली तुसेयो. आता तिसरं पान चालू आहे. दुसऱ्या पानावर नातवाने मधोमध एक मोठा गोल काढून त्यात दोन डोळे आणि तोंड काढून ठेवलं आहे. काय आहे म्हणून विचारलं तर म्हणाला, 'ताल.' की 'थाल' म्हणाला, की 'त्ताल'? चंद्र, मुखवटा की कुणाची मुलगी, ते चित्रावरूनही मला सांगता येत नाही.